यकृताचा सिऱ्होसिस समजून घेताना: प्रस्तावना

यकृताचा सिऱ्होसिस हा एकच एक रोग नाही. दारू, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचे विषाणू, यकृतात साठणारी चरबी, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला, तांबे किंवा लोह साठवून ठेवणारे आनुवंशिक दोष, पित्तमार्गातले अडथळे अशा अनेक वाटा शेवटी जिथे येऊन मिळतात, त्या अवस्थेचे हे नाव आहे. वाट कोणतीही असो, यकृताचे होते ते सारखेच. पेशी वर्षानुवर्षे मरत राहतात, त्यांच्या जागी व्रणाचे चिवट तंतू भरतात, उरलेल्या पेशी त्या तंतूंच्या वेढ्यात गाठी करून वाढतात आणि यकृताची मूळ घडण मोडते. परिभाषेत यालाच यकृत सूत्रण म्हणतात. घरोघरी मात्र ‘लिव्हर खराब झालं’ किंवा ‘पोटात पाणी झालं’ एवढेच बोलले जाते, आणि त्यापाठोपाठ ‘पीत होता का?’ हा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि त्याने रुग्णांचे बरेच नुकसान केले आहे. आयुष्यात दारूला शिवली नाही अशा बाईला सिऱ्होसिस झाला, की घरच्यांचा निदानावरच विश्वास बसत नाही. पिणाऱ्याच्या बाबतीत उलट होते. कारण सापडलेच असे धरले जाते आणि विषाणूंसाठीची साधी रक्ततपासणीही राहून जाते. या रोगाच्या अभ्यासाचा दोनशे वर्षांचा इतिहास मुख्यतः कारणांच्या शोधाचा आहे. दर पिढीने त्यात नव्या कारणाची भर घातली, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या कारणाबरोबर काही रुग्ण असाध्यांच्या यादीतून बाहेर आले. या पुस्तकाची मांडणी म्हणूनच कारणांच्या अंगाने केलेली आहे.

कारणांकडे जाण्याआधी यकृताची रचना डोळ्यांसमोर हवी. प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतडी आणि प्लीहा यांतून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते. खाल्लेले, प्यायलेले, औषध म्हणून घेतलेले जवळजवळ सगळे आधी यकृतापुढे हजर होते ते यामुळेच. हे रक्त पेशींच्या रांगांमधून अतिशय सूक्ष्म वाहिन्यांवाटे झिरपत जाते. या वाहिन्यांच्या भिंतींना बारीक छिद्रे असतात, त्यामुळे रक्तातला द्रव पेशींना थेट भिडतो. भिंत आणि पेशी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत ताराकृती पेशी असतात. कार्ल फॉन कुप्फर यांनी 1876 मध्ये त्या प्रथम पाहिल्या. त्यांचे खरे काम समजायला शंभरेक वर्षे लागली. एरवी त्या अ जीवनसत्त्व साठवून शांत बसतात. यकृताला इजा होत राहिली, की तो साठा सोडून देतात आणि कोलॅजन विणू लागतात. इजा थोडक्या काळाची असेल तर विणलेले तंतू विरघळतात. ती थांबलीच नाही तर तंतूंचे पट्टे जाड होतात, भिंतींची छिद्रे बुजतात, आणि रक्त पेशींना न भेटता परस्पर पुढे निघून जाऊ लागते.

सिऱ्होसिसची सगळी लक्षणे या दोन बिघाडांतून उलगडतात. कामाच्या पेशी कमी पडल्या म्हणजे अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने कमी बनतात, डोळे पिवळे होतात, स्नायू झिजतात. रक्ताची वाट अडली म्हणजे पोर्टल व्हेनमधला दाब चढतो. पोर्टल व्हेन आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्या दाबांतला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. तो 10 वर गेला की गुंतागुंतीचे दिवस सुरू होतात. 12 च्या पुढे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो. प्लीहा वाढते आणि प्लेटलेट कमी होतात. पोटात पाणी साठते. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोचतो. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात, आणि शांत स्वभावाचा गृहस्थ घरच्यांवर विनाकारण ओरडू लागतो. त्याला वेड लागले अशी समजूत करून घेणारी कुटुंबे आजही आहेत. हा मेंदूवरचा परिणाम बहुतेक वेळा उपचारांनी उतरतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

हे सगळे घडण्याआधी मोठा शांत काळ जातो. या काळात यकृत निबर झालेले असते, पण काम निभावत असते. माणसाला थोडा थकवा सोडता काही जाणवत नाही. एका गाजलेल्या संकलनानुसार या अवस्थेतल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान 12 वर्षांहून अधिक निघाले. पोटात पाणी, रक्तस्राव, कावीळ किंवा बेशुद्धी यांपैकी काही एकदा घडून गेल्यावर ते सुमारे 2 वर्षांवर येते. एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या दोन अवस्था आहेत. ‘सिऱ्होसिस आहे’ एवढे ऐकून घरी परतलेल्या रुग्णाला खरे म्हणजे काहीच सांगितलेले नसते. कोणती अवस्था, आणि कारण काय, हे दोन्ही कळल्यावाचून त्या निदानाला अर्थ नाही.

पोटात साठणारे पाणी माणसाला फार प्राचीन काळापासून माहीत आहे. चरकसंहितेत उदररोगाचे आठ प्रकार आहेत आणि जलोदर त्यांपैकी एक. सुश्रुतसंहितेत जलोदराचे पाणी शस्त्राने छिद्र पाडून काढण्याची रीत आहे. सगळे पाणी एका दिवसात काढू नये आणि काढल्यावर पोट घट्ट बांधावे, अशी स्पष्ट सूचनाही तिथे दिलेली आहे. त्या काळच्या जलोदराला सरसकट सिऱ्होसिस म्हणता येत नाही. क्षयाने, हृदयाच्या दुबळेपणाने, कर्करोगानेही पोटात पाणी होते. पण सूचनेमागचे निरीक्षण अस्सल आहे. एकदम फार पाणी काढले तर रक्ताभिसरण कोलमडते आणि मूत्रपिंडे बसतात, हे आजच्या शरीरशास्त्राला नीट माहीत आहे. म्हणूनच 5 लिटरपेक्षा जास्त पाणी काढायचे असेल तेव्हा दर लिटरमागे साधारण 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून दिले जाते.

युरोपात रोगाचा चेहरा ठरला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. मॅथ्यू बेली यांनी 1793 मध्ये गाठाळ, कडक यकृताचे वर्णन करून ते अतिमद्यपानाशी जोडले. स्टेथोस्कोपचे जनक रने लेनेक यांनी 1819 च्या आपल्या ग्रंथात, तोही छातीच्या रोगांवरचा, एका टिपेत पिवळसर तांबूस यकृताला सिऱ्होसिस हे नाव दिले. पुढची शंभर वर्षे हे शास्त्र बहुतांशी मेलेल्या यकृताचे होते. गाठी बारीक की मोठ्या, पट्टे कुठून कुठे गेले, यावर वर्गवारी चाले. पद्धत शिस्तीची होती. पण तिच्या हाती यकृत लागे ते अखेरच्या रूपात, आणि त्या रूपात सगळी कारणे सारखीच दिसतात. ‘एकदा झाले की परतीचा मार्ग नाही’ ही समजूत याच काळात मुरली.

दारूचा संबंध सर्वांना दिसत होता, तरी दारू नेमके काय करते यावर दीर्घ वाद झाला. विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रभावी मत असे होते, की पिणारा नीट जेवत नाही आणि यकृत बिघडते ते कुपोषणाने. चार्ल्स लिबर यांनी 1970 च्या दशकात बबून माकडांना सकस आहाराबरोबर दारू देऊनही त्यांच्या यकृतात सूत्रण होते हे दाखवले आणि दारू स्वतःच विष ठरली. समाजाच्या पातळीवरचा पुरावा त्याआधीच मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाईनचे रेशनिंग झाले तेव्हा सिऱ्होसिसचे मृत्यू झपाट्याने घटले, आणि युद्धानंतर पुरवठा सुरू होताच पुन्हा वाढले. वर्धा, 1993 पासून गडचिरोली, आणि 2015 ते 2021 या काळात चंद्रपूर या जिल्ह्यांत दारूबंदीवर झालेली चर्चा महसूल, अवैध विक्री आणि घरातली मारहाण यांभोवती फिरली. यकृत तिच्यात फारसे आले नाही. ते यायला हवे होते. दुसरीकडे हेही खरे, की दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण 10 ते 20 टक्क्यांनाच सिऱ्होसिस होतो. बाकीच्यांना का होत नाही याचे पूर्ण उत्तर अजून नाही. जनुके, वजन, स्त्री-पुरुष भेद आणि सोबतचे विषाणू यांचा त्यात वाटा आहे.

विषाणूंच्या शोधाने चित्र पालटले. बरूक ब्लूमबर्ग यांना 1960 च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात वेगळे प्रथिन सापडले. ते ‘ब’ विषाणूचे कवच निघाले. त्यातून रक्तपेढ्यांची तपासणी आणि 1980 च्या दशकात लस आली. ‘क’ विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला, त्याच्या शोधकांना 2020 चे नोबेल मिळाले, आणि दरम्यान 2013 पासून आलेल्या गोळ्यांनी हा संसर्ग 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांत 12 ते 24 आठवड्यांत संपवता येऊ लागला. वैद्यकाच्या इतिहासात शोधापासून बरे करण्यापर्यंतचा इतका वेगवान प्रवास क्वचितच झाला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात ‘ब’ विषाणू बाळगणारे सुमारे 2.98 कोटी आणि ‘क’ विषाणू बाळगणारे 55 लाख लोक होते. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाला आणि तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. ‘ब’ विषाणूच्या बाबतीत जन्मानंतरचे 24 तास निर्णायक असतात. जन्मावेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांत तो कायमचा ठाण मांडतो, प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत असते. प्रसूतिगृहात न टोचलेल्या एका लशीचा हिशोब तीस-चाळीस वर्षांनी सिऱ्होसिसच्या रूपाने समोर येतो.

कारण शोधण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पुण्यातले आहे. भारतीय बालकांचा सिऱ्होसिस हा विकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात नोंदला गेला. सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल किरकिरे होई, पोट फुगे, हाताला कडक आणि धारदार कडेचे यकृत लागे, आणि काही महिन्यांत मूल दगावे. एकाच घरातली दोन-तीन भावंडे जात, म्हणून पुष्कळांना तो रक्तातला दोष वाटे. केईएम रुग्णालय, पुणे येथील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह 1980 च्या दशकात या मुलांच्या यकृतातल्या प्रचंड तांब्याचा माग काढला. यकृताच्या तुकड्याला ऑर्सीन हे रंजक लावले की तांब्याशी बांधलेल्या प्रथिनांचे गडद तपकिरी कण पेशींत भरगच्च दिसत. तांबे येत कुठून होते? चौकशी स्वयंपाकघरात पोचली. या मुलांना लहान वयातच वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले असे. कल्हई उडालेल्या पितळेतून दूध तांबे उचलते, आणि दुधातले केसीन ते धरून ठेवते. अर्भकाचे यकृत तेवढे तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकत नाही.

वरचे दूध लवकर देऊ नये, आणि दिले तरी पितळी भांड्यात तापवू नये, हा सल्ला यातून निघाला. लवकर सापडलेल्या काही मुलांना पेनिसिलामाइन या तांबे काढून टाकणाऱ्या औषधाने वाचवता आले. त्याच सुमारास घराघरांत स्टीलची भांडी आली आणि पितळ फडताळावर गेले. 1990 च्या दशकात हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात अशाच विकाराने 138 अर्भके दगावल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही दुधाच्या भांड्यांतले तांबे आणि जोडीला आनुवंशिक दुबळेपणा असा निष्कर्ष निघाला. तांबे हे मूळ कारण मानायला काही भारतीय विकृतिशास्त्रज्ञ तयार नाहीत. त्यांच्या मते आधी यकृत बिघडते आणि मग तांबे साठते. हा आक्षेप गंभीर आहे. तरीही भांडी बदलली आणि रोग गेला, हा क्रम नजरेआड करता येत नाही, आणि या पुस्तकाचा कल पुण्याच्या निष्कर्षाकडे आहे.

आज ज्या कारणाची सर्वाधिक काळजी करावी ते दारूही नाही आणि विषाणूही नाही. यर्गेन लुडविग यांनी 1980 मध्ये न पिणाऱ्या माणसांच्या यकृतात पिणाऱ्यासारखीच चरबी आणि सूज असल्याचे वर्णन केले तेव्हा ते नवल वाटले होते. आता मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्याबरोबर हा विकार भारतात सर्वत्र आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने तो असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे लिहून येते आणि ते हसण्यावारी नेले जाते. बहुतेकांच्या बाबतीत त्यातून पुढे काही होतही नाही. ज्यांच्या बाबतीत होते त्यांना वेळेत वेगळे काढणे हे खरे काम, आणि त्यासाठी वय, दोन एन्झाइम आणि प्लेटलेट एवढ्यावर मांडलेला फिब-4 हा हिशोब गावच्या दवाखान्यातही करता येतो. तो 1.3 च्या वर गेला तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करावी. 2003 पासून आलेल्या या यंत्राने यकृताचा निबरपणा सुई न टोचता मोजता येतो, त्यामुळे बायोप्सीची गरज पुष्कळ कमी झाली आहे. वजन 10 टक्क्यांनी घटवले तर सूज ओसरते आणि पुष्कळदा तंतूही विरळ होतात.

तांबे साठवणारा विल्सनचा विकार, स्वयंप्रतिकार यकृतदाह, पित्तनलिकांचे दीर्घ दाह ही कारणे संख्येने लहान आहेत. पण त्यांच्यावर औषधे आहेत, आणि म्हणूनच ती चुकवणे परवडत नाही. तरुण मुलाला सिऱ्होसिस आढळला तर रक्तातले सेरुलोप्लाझमिन तपासून डोळ्यांत तांब्याचे कडे आहे का हे पाहिलेच पाहिजे.

कारण दूर केले तर यकृत कितपत सावरते? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बदलले. टेनोफोविर हे औषध घेणाऱ्या ‘ब’ विषाणूच्या रुग्णांपैकी सुरुवातीला सिऱ्होसिस असलेल्या 96 जणांची पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी झाली, तेव्हा 74 टक्क्यांत सिऱ्होसिस उरलेला नव्हता. हे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि शवविच्छेदनातून आलेल्या जुन्या निराशेला त्यांनी मोठा धक्का दिला. पोर्टल व्हेनमधल्या दाबाचा अभ्यास करणाऱ्या संप्रदायाने दुसऱ्या बाजूने भर घातली. दिदिए लेब्रेक यांनी 1980 च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉलसारख्या हृदयरोगाच्या साध्या गोळीने शिरा फुटणे टाळता येते हे दाखवले. इटलीतल्या बावेनो गावी 1990 मध्ये सुरू झालेल्या तज्ज्ञ परिषदांच्या मालिकेने 2021 मध्ये खालावलेले यकृत पुन्हा सावरण्याची औपचारिक व्याख्याही दिली. सगळेच सावरत नाहीत. फार उशिरा आलेल्यांत, रक्तवाहिन्यांची घडण पुरती बदललेल्यांत, तंतू तसेच राहतात. यकृताच्या कर्करोगाचा धोकाही पूर्ण जात नाही, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते.

रोजच्या काळजीत जुन्या समजुती सर्वांत जास्त अपाय करतात. ‘लिव्हरला आराम’ म्हणून डाळ, अंडी, दूध, पनीर बंद करून रुग्णाला उसाचा रस आणि पेज यांवर ठेवले जाते. सिऱ्होसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत, आणि रात्री झोपताना काहीतरी खाणे हवे, नाहीतर त्याचे स्नायू रातोरात खर्ची पडतात. कमी करायचे ते मीठ, तेही पोटात पाणी झाले असेल तेव्हा: दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लोणचे, पापड, फरसाण बाजूला. कावीळ उतरवणारे, माळ घालणारे, नाकात थेंब सोडणारे गावोगाव आहेत. ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि यश त्यांच्या पदरी पडते. सिऱ्होसिसच्या काविळीत मात्र तेच दोन-तीन आठवडे महागात पडतात, आणि अनोळखी काढ्यांनी यकृत आणखी बिघडल्याची उदाहरणे यकृततज्ज्ञांना नेहमी दिसतात.

सर्व उपाय थकल्यावर प्रत्यारोपण उरते. थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये पहिला प्रयत्न केला. भारतात 1994 च्या कायद्यानंतर 1998 मध्ये पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. येथे बहुतेक यकृते जिवंत नातलगांकडून येतात, आणि दात्यांमध्ये पत्नी, आई, मुलगी यांची संख्या मोठी असते. दात्याला असलेला धोका लहान आहे, पण शून्य नाही. घरातल्या बाईची संमती खरोखर तिचीच आहे का, हे विचारण्याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच नातलगांचीही आहे. मेंदूमृत दात्यांकडून मिळणारी यकृते वाढली तर हा भार हलका होईल.

या पुस्तकाचा वाचक म्हणजे निदान ऐकलेला माणूस, त्याच्याबरोबर अहवालांची पिशवी घेऊन फिरणारी माणसे, आणि यकृत हा ज्यांचा विशेष विषय नाही असे डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या. औषधांच्या मात्रा यात मुद्दाम दिलेल्या नाहीत. सिऱ्होसिसमध्ये त्या रुग्णागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, आणि पुस्तक पाहून घेतलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडे बंद पाडू शकते. अहवालातले आकडे वाचायचे कसे, डॉक्टरांना विचारायचे काय, कोणत्या लक्षणाला त्याच रात्री रुग्णालय गाठायचे, यावर भर आहे. पिणाऱ्या रुग्णाबद्दल बोलताना दोषारोपाची भाषा टाळली आहे, कारण हिणवलेला रुग्ण तपासणीला येत नाही आणि दारू सोडायला मदत करणारेही त्याच्याजवळ कुणी उरत नाही.

नवजात बाळांच्या पित्तनलिका बंद होण्याचा विकार संख्येने फार लहान असूनही त्याला यात स्वतंत्र जागा दिली आहे. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ राहिली आणि बाळाची शी पांढरट, मातकट होत असेल, तर ते बाळ लगेच बालशल्यविशारदाकडे जायला हवे. मोरिओ कासाई यांनी घडवलेली शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर सर्वाधिक यश देते, आणि उशीर झाला तर काही महिन्यांतच बाळाला सिऱ्होसिस होतो. ही ओळख पटवण्यासाठी यंत्र लागत नाही. दुपट्यावरचा रंग रोज पाहणारी आई किंवा आजी ती सर्वांआधी पटवू शकते.